घरामागची लोहारसाळ: ऐरणीच्या आधी सावली

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना धागा सापडेल. वय ५५, राज्य शासनाची नोकरी, ५८ ला सेवानिवृत्ती, म्हणजे हातात ३ वर्षं. नागपूरला बेसा रोडकडे स्वतःचं घर, मागे १५ बाय २२ फुटांची मोकळी जागा. दीड लाख रुपये बाजूला काढलेले. लहानपणी आजोळी लोहाराच्या साळेत भाता ओढायला बसायचात, ती हौस अजून मनात आहे. विचारलंय असं की ऐरण कोणती घेऊ, भट्टी गॅसची की कोळशाची, शेजारी कटकट करतील का, आणि यातून दोन पैसे सुटतील का.

माझी ओळख एवढीच की ३४ वर्षं हिंगणा एमआयडीसीत काढली. त्यातली पहिली ११ हॅमर शॉपवर, पुढची टूलरूम आणि हीट ट्रीटमेंटला. रिटायर झालो आणि दिघोरीला घरामागे साळ टाकली, आठवड्यातले चार दिवस चालते. जे सांगतो ते केलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं आधी चुकलेलं आहे.

भाऊ, तुम्ही ऐरणीपासून सुरुवात केलीत. सगळेच तिथूनच करतात, मीही केली होती. पण तुमच्या यादीत ती चौथ्या नंबरवर टाका. आधी हात, मग सावली, मग जमीन, मग ऐरण. ही ३ वर्षं खरेदीत गेली तर ५८ व्या वर्षी शेड झकास असेल, घणही चकचकीत असेल आणि दुसऱ्या महिन्यात तुम्ही कोपर धरून बसाल.

कारखान्यात इतकी वर्षं लोखंड तापताना पाहिलं म्हणून मला वाटायचं, आपल्याला काय शिकायचं आता. तिथे भट्टीवाला वेगळा, सांडस धरणारा वेगळा, एक टनाचा हॅमर वरून पडायचा आणि आम्ही फक्त पायाने पॅडल दाबायचो. घरी एक किलोची हातोडी हातात घेतली आणि पहिल्याच सळईला टोक काढताना ते टोक एका बाजूला वळलं, मग दुसऱ्या बाजूला, मग मध्ये चिरलं. निवृत्त फोरमन, आणि साधी खुंटी येईना. बायको दारात उभी राहून पाहत होती, काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मग मी कुही तालुक्यातल्या एका गावातल्या लोहारकाकाजींकडे जाऊन बसायला लागलो. दर रविवारी, सव्वा वर्ष. तुम्हालाही हेच सांगतो. गाव कोणतंही चालेल, नागपूरच्या चारही बाजूंना अजून साळा चालू आहेत, पण वेळ नीट निवडा. मे-जूनमध्ये जाऊ नका. पेरणीच्या आधी वखराची पास, डवऱ्याच्या पाशी, तिफनीचे फण, शेतीच्या सगळ्या अवजारांचं काम एकदमच येतं आणि दारात शेतकऱ्यांची रांग असते. तेव्हा शहरातला माणूस मध्येच येऊन "हे काऊन असं करता" विचारत बसला तर कोणालाही राग येईल. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत जा. आणि फुकट बसू नका. त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज ठरवून हातात द्या आणि भाता किंवा पंखा तुम्ही फिरवा.

तिथे गेल्यावर उजवा हात पाहू नका, डावा पाहा. सगळे हातोडीकडे बघतात. खरी अक्कल सांडशीच्या हातात आहे. काकाजी टोक काढायचे तेव्हा प्रत्येक ठोक्यानंतर डावं मनगट पाव फेरा फिरायचं, परत यायचं, पुन्हा फिरायचं, घड्याळाच्या लोलकासारखं. चौकोन कधी तुटायचा नाही. चौकोनातून अष्टकोन, अष्टकोनातून गोल. मी सुरुवातीलाच गोल करायला जायचो, म्हणून सळई आतून फाटायची. हे मला कारखान्यातल्या कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे ते काम डाय, म्हणजे साचाच, करायचा. आणि मध्येच ते लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर एक हलका ठोका मारायचे. मला वाटलं ताल धरतात. विचारलं तर म्हणाले, "हाताले बी श्वास लागते ना बाप्पा." तेवढ्या वेळात ते पुढचा ठोका कुठे मारायचा हे बघून घेत होते.

आता सावली. ही गोष्ट यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे नागपूरचं ऊन नाही. लोहाराचं थर्मामीटर म्हणजे लोखंडाचा रंग. साधारण ७०० अंशाला डाळिंबाच्या दाण्याचा गर्द लाल, ९०० च्या पुढे शेंदरी, ११०० च्या आसपास पिवळा. साधं लोखंड पिवळ्यावर ठोकायचं, कमानपाट्याचं, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीचं, पोलाद शेंदरीवरच आवरायचं. हे सगळे रंग अंधूक उजेडात पाहून ठरलेले आहेत. आपल्याकडे सकाळी ११ ला उघड्यावर तेच डाळिंबी लोखंड काळं दिसतं. मग माणूस आणखी तापवतो, आणखी तापवतो, आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या की समजावं पोलाद जळलं. जळलेलं पोलाद पुन्हा जुळत नाही, तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. माझी पहिली साळ नुसते चार खांब आणि वर हिरवी जाळी अशी होती. दोन महिन्यांत मी किती तुकडे जाळले ते मोजलं नाही, भंगाराचं पोतं मात्र भरलं. आणि ती जाळी प्लास्टिकची. एका ठिणगीने तिला रुपयाएवढं भोक पडलं तेव्हा लक्षात आलं की आपण पेटणाऱ्या छताखाली भट्टी फुंकतोय. हिरवी जाळी साळेच्या जवळपासही नको.

तुमच्या जागेत १० बाय १४ ची शेड पुरे. पश्चिम आणि दक्षिण बाजू विटांनी किंवा पत्र्याने बंद करा. दुपारचं ऊन आणि उन्हाळ्यातली झळ दोन्ही तिकडूनच येतात. पूर्व आणि उत्तर मोकळी ठेवा, पूर्ण मोकळी, नुसती खिडकी नाही. कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत डोकं दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पत्रा मध्ये १२ फुटांवर घ्या, कडेला ९ वर, आणि भिंतीच्या माथ्याशी एक फूट फट सोडा म्हणजे गरम हवा निघून जाईल. पत्र्याला वरून पांढरा रंग मारा. धुराडं १० इंच व्यासाच्या खाली घेऊ नका, बारीक पाइप धूर ओढत नाही, उलटा फेकतो. आणि हो, मागची जागा मंजूर नकाशात मोकळी सोडायची म्हणून दाखवली असेल तर पक्कं बांधकाम करण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. सरकारी माणसाला हे मी काय सांगावं.

जमिनीकडे तुम्ही लक्षच दिलेलं नाही. बेसा-मानेवाड्याकडे खाली काळी माती निघते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पाडते. माझ्या ऐरणीखालचा लाकडी बुंधा पहिल्या पावसाळ्यात दोन इंच कलला आणि मला वाटत राहिलं की माझा हातच वाकडा पडतोय. शेडखालची माती दोन-अडीच फूट काढून मुरूम भरा, पाणी मारून ठोकून घ्या, आणि वर तसाच मुरूम राहू द्या. काँक्रीट करू नका. लालभडक तुकडा काँक्रीटवर पडला की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कपचा उडतो, तोही डोळ्याच्या दिशेने. टाइल्स तर नकोच नको. मुरमावर दिवसभर उभं राहिलं तरी गुडघेही कमी दुखतात.

ऐरणीबद्दल माझी फजिती सांगतो. बाजारातून ७० किलोची, शिंग वगैरे असलेली, रंगवलेली ऐरण आणली. दिसायला देखणी. तिसऱ्या आठवड्यात कडेचा नखाएवढा टवका उडाला. ती बिडाची, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाची होती. कारखान्यात लोखंडाचा कडकपणा मोजण्यात हयात गेली आणि घरी रंगाला भुललो. तुम्ही दुकानात जाताना बेअरिंगची एक मोठी गोळी खिशात ठेवा. ऐरणीच्या तोंडावर १० इंचांवरून सोडा. ७-८ इंच वर उसळली तर माल चांगला. थप्प करून दोन-तीन इंच आली तर पैसे खिशातच राहू द्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

लोक रुळाचा तुकडा सुचवतील. रूळ उत्तम पोलाद आहे, यात वाद नाही. आपल्याकडे ५२ आणि ६० किलोचे रूळ चालतात, म्हणजे मीटरला तेवढं वजन. ६० चा पाऊण मीटर तुकडा ४५ किलो भरतो. तो आडवा न ठेवता उभा रोवायचा. आडव्या रुळाची मधली पातळ पाटी प्रत्येक ठोक्याला थरथरते आणि तुमचा जोर खाऊन टाकते. उभा केला की सगळं वजन थेट ठोक्याखाली येतं. माथा जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद, पण खुंट्या, हूक, खुरपी यांना तेवढा बस होतो. पण बिलाशिवाय रूळ घरात आणू नका. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैदेची, आणि माल कायदेशीर मार्गाने आला हे सिद्ध करणं ताब्यात असलेल्यावर येतं. भंगारवाला म्हणेल, "न्या साहेब, काही होत नाही." त्याचं होत नसेल, तुमची पेन्शन आहे. लिलावातल्या मालाचं बिल दाखवणारा भेटला तरच घ्या.

माझ्या मते सगळ्यात सोपा रस्ता वेगळाच आहे. एमआयडीसीत पोलादाचे कापलेले ठोकळे वजनावर मिळतात. ईएन-८ जातीच्या पोलादाचा १५ सेंटिमीटर चौरस, ३० सेंटिमीटर उंच ठोकळा ५३ किलोचा होतो. तो बाभळीच्या बुंध्यात दोन इंच खाचून उभा करायचा, संपलं. शिंग लागेल तेव्हा जाड पाइपचा तुकडा शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून वाकवायचं काम होतं. माझी आजची ऐरण हीच आहे. ती देखणी नाही. माहुरझरी, नायकुंडला अडीच हजार वर्षांपेक्षा जुनं लोखंडकाम सापडलं आहे, आपल्याच जिल्ह्यात, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीसुद्धा निघाली. तिथल्या शिलावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या वर्तुळातल्या जुन्या दफनांत, कुऱ्हाडीही होत्या आणि घोड्यांच्या लगामाच्या कड्याही. त्या करणाऱ्यांकडे रंगवलेली, शिंगाची ऐरण नक्कीच नसणार.

भट्टी. दगडी कोळसा विसरा. उमरेड, सिल्लेवाडाकडचा कोळसा बॉयलरला ठीक, लोहाराला नाही. राख फार, वितळून काचेसारखा चिकट गोळा होतो आणि हवेचं तोंडच बंद करतो. धूर तर असा की सांगता सोय नाही. मी सुरुवातीला तोच वापरला. एप्रिलचा महिना होता. शेजारच्या काकूंचा डेझर्ट कूलर माझ्या कुंपणाला लागून, तीन बाजूंना ताज्या वाळ्याच्या ताट्या. कूलरने माझा सगळा धूर ओढून त्यांच्या बैठकीत सोडला. वरून त्यांच्या गच्चीवर कुरडया आणि मुगवड्यांचं वाळवण. त्या दुपारी त्या एक काळी कुरडई हातात घेऊन आल्या आणि नुसती माझ्यासमोर धरली. नागपुरात शेजाऱ्यांचा प्रश्न म्हणजे आधी कूलरचा आणि वाळवणाचा प्रश्न आहे. जागा आखायच्या आधी तिन्ही बाजूंच्या घरांचे कूलर कुठे लागतात ते जाऊन बघा.

लाकडी कोळशाने सुरुवात करा. एकदा पेटला की धूर जवळजवळ नाही. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची किंवा फायर ब्रिकची छोटी भट्टी, खालून दीड-दोन इंची नळी, हाताने फिरवायचा पंखा. पंखे इतवारीतल्या लोहाओळीत मिळतात. नळीच्या वर कोळशाचा थर पाच-सहा इंच हवा आणि हवा हळू. नवशिका जोरात फुंकतो आणि सगळा कोळसा ठिणग्या होऊन उडतो. बाभळीचा कोळसा जड आणि टिकाऊ. पावती असलेल्या वखारीतून घ्या, कोळसा वनोपजात मोडतो. हाताचा पंखाच का, तर एका हाताने फिरवताना तुमचं लक्ष आपोआप आगीकडे राहतं. विजेचा ब्लोअर लावून माणूस चहाला जातो आणि परत येतो तेव्हा सळईचं टोक गायब.

गॅसची भट्टी निवृत्तीनंतर, जेव्हा रोज दोन-तीन तास काम होईल तेव्हा. ती सोयीची आहे, पण घरचा १४.२ किलोचा सिलिंडर तिला लावायचा नाही. तो स्वयंपाकासाठीच आहे, दुसरीकडे वापरणं नियमाबाहेर. १९ किलोचा कमर्शियल घ्या, सावलीत, भट्टीपासून लांब. आत सिरॅमिक वूल, म्हणजे उष्णता अडवणारी कापसासारखी गादी, लावलंत तर त्यावर रिफ्रॅक्टरी, म्हणजे आग सोसणाऱ्या, सिमेंटचा थर द्या, त्या वुलाची कुसं फुप्फुसात जाऊन बसतात.

आवाजाबद्दल. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ऐरणीचा ठणठणाट जवळून १०० च्या आसपास जातो, म्हणजे कुंपणाशी तुम्ही नियमात बसाल याची खात्री धरू नका. ठोकळ्याची ऐरण शिंगाच्या ऐरणीपेक्षा मुळातच कमी वाजते. तिच्या कमरेला जाड साखळी घट्ट आवळा आणि बुंधा वाळूच्या पेटीत ठेवा. घंटेचा आवाज जाऊन नुसता "ठप" उरतो. कानात प्लग तरीही घाला. मी हॅमर शॉपची ११ वर्षं प्लगशिवाय काढली, आता नातू उजव्या बाजूने बोलला तर मला मान वळवावी लागते.

वेळेचं गणित आपल्याकडे हंगामाप्रमाणे चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मनसोक्त काम. मार्चपासून सकाळचेच तास. एप्रिल-मे मध्ये ४५ अंश चढतात, तेव्हा ६ ला सुरू आणि साडेआठला बंद, त्यातही मी आठवड्यात दोनच दिवस. बीपीची गोळी चालू असेल, विशेषतः लघवी वाढवणारी, तर डॉक्टरांना आधी सांगा की मी भट्टीपुढे उभा राहणार आहे. पाणी नुसतं पिऊ नका, मीठ-साखर घालून प्या. धनुर्वाताचं इंजेक्शन चालू ठेवा.

डोळ्यांचं कोणी सांगत नाही. तुमच्या वयाला जवळचा चष्मा वाचायच्या अंतराला, दूरचा रस्त्याला. ऐरण या दोन्हींच्या मध्ये, हात-दीड हातावर असते. बायफोकल लावून ठोकलं की एकतर मान वाकडी नाहीतर ठोका वाकडा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या अंतराचा एकच नंबर पॉलिकार्बोनेट काचेत करून घ्या, बाजूला झापडं असलेला. आणि पिवळ्या आगीकडे टक लावून बघत बसू नका, नजर टाकायची आणि काढायची. मोतीबिंदू तसाही रांगेत उभाच आहे.

कपडे सुती. टेरीकॉट वितळून चिकटतं. पायात कातडी बूट, पँटचे पाय बुटाच्या बाहेर. गळ्यातला दुपट्टा उन्हात कितीही गरजेचा असला तरी साळेत नाही. ड्रिल मशीनने एकाचा ओढलेला मी कारखान्यात पाहिला आहे, पुढचं सांगत नाही. हातोडीच्या हातात ग्लोव्ह नको, पकड कळत नाही. हातोडी ८०० ग्रॅम ते एक किलो. दोन किलोची घेऊन मर्दानगी दाखवायची वेळ गेली आपली. दांडा धामणाचा किंवा तिवसाचा मिळाला तर बघा, ही लाकडं धक्का हातापर्यंत पोचू देत नाहीत. लोखंडी पाइपचा दांडा वेल्ड केलेल्या हातोड्या मिळतात, त्या कोपराच्या डॉक्टरांसाठीच असाव्यात.

माल. साध्या कामाला १० मिलिमीटरची चौकोनी सळई. धारेच्या कामाला ट्रकचे कमानपाटे, वाडीला किंवा कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाकडे पाटे बदलणाऱ्यांकडे तुटलेले पडलेले असतात. तडा गेलेल्या जागेपासून चार बोटं सोडूनच कापा, डोळ्याला न दिसणारा तडा पुढे गेलेला असतो. बांधकामाची टीएमटी सळई धारेला निरुपयोगी. आणि जीआय पाइप, जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी, चकचकीत क्रोमची वस्तू भट्टीत कधीच नाही. जस्त ९०७ अंशाला उकळतं, म्हणजे शेंदरी रंग येतो न येतो तोच त्याचा पांढरा धूर निघतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, माणसाला वाटतं मलेरिया झाला.

पाणी देणं, म्हणजे तापवलेलं पातं एकदम थंड करून कडक करणं, हा माझा पोटाचा विषय आहे, पण इथे आवरतो. कमानपाट्याला पाण्यात बुडवू नका, "टिंग" असा बारीक आवाज येईल आणि धारेत केसाएवढी चीर दिसेल. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तेल वापरा, साधं सोयाबीनचं चालतं, कोमट करून. आपल्याकडे मे महिन्यात ते कोमटच असतं. इंजिनचं काळं तेल नको, त्याचा धूर विषारी. चुंबक दोरीला टांगून ठेवा. तापलेलं पातं चुंबकाला चिकटेनासं झालं म्हणजे साधारण ७७० अंश, तिथून रंग अजून एक छटा चढला की तेलात. मग काळं पातं घासून चकचकीत करा आणि मंद शेकत न्या, गव्हाच्या काडीचा पिवळा रंग आला म्हणजे २२०-२३० अंश, चाकूला तिथेच थांबा. खुरप्याला निळ्यापर्यंत, ३०० च्या आसपास, न्या म्हणजे दगडावर आपटलं तरी तुटणार नाही. मी हे शेकणं आमच्या घरच्या ओटीजीत करायचो, एकदा केकला तेलाचा वास आला आणि मला वेगळा ओटीजी घ्यावा लागला. तो खर्च बजेटमध्ये धरा.

शेवटी वस्तू गरम असतानाच जवसाचं तेल फडक्याने चोपडा. काळाभोर, टिकाऊ लेप बसतो, जुलैच्या दमट हवेतही सहज गंज धरत नाही. पण ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग याबद्दल लिहीत नाही, ते सगळं लागेल तेव्हा सुचेल. पॉवर हॅमरचा विचार तर पाच वर्षं करूच नका.

मिळकत. शेतकरी तुमचं गिऱ्हाईक नाही, त्याचा लोहार ठरलेला असतो आणि बाजारातलं खुरपं तुमच्या कोळशाच्या खर्चात येतं. गच्चीवर बाग करणाऱ्या बाया, बोन्साय करणारे, जुन्या वाड्याचं दार दुरुस्त करणारे, घरात हाताने केलेली खुंटी हवी असणारे, हे तुमचे लोक. कोळसा, तेल, पॉलिश पेपरचा खर्च निघून वर चहापाणी सुटतं. नियमित विकायला लागलात तर उद्यम नोंदणी मोफत होते, पण घरगुती मीटरवर धंदा दाखवायच्या आधी वीज जोडणीचा प्रकार विचारून घ्या. खरं सांगू, पेन्शन असताना किमतीत घासाघीस केली की मला लाज वाटते आणि नाही केली की बायको रागावते.

दीड लाखातले या वर्षी २० हजारांच्या वर खर्चू नका. ब्रेक ड्रमची भट्टी, पंखा, दोन सांडशी, एक हातोडी, एखादा ठोकळा. सध्या लिंबाच्या झाडाच्या सावलीत, संध्याकाळी ५ नंतर काम करा, वाळूची बादली आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवून. एकाच मापाचे ४० हूक करा. पहिला आणि चाळिसावा शेजारी ठेवून बघा. ते जमेपर्यंत शेडच्या पत्र्याचं माप कोणाला देऊ नका. पुढच्या वर्षी मुरूम आणि शेड, निम्मे पैसे तिथेच जातील. तिसऱ्या वर्षी चांगला शिकंजा, आणि जे खरंच अडलं ते.

एक काम मात्र आजच करता येईल. भिंतीला टेकून सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा आणि बोटांच्या पेरांच्या उंचीला भिंतीवर पेन्सिलने खूण करा. ऐरणीचं तोंड बुंध्यासकट त्या खुणेला आलं पाहिजे. वर गेलं की खांदा चढतो आणि सगळा मार कोपरात जातो. माझी दीड इंच वर होती, त्यापायी सहा महिने मला चहाचा कप डाव्या हाताने उचलावा लागला. खूण करताना बूट घाला.